मोसंबीच्या बागेत टेन्शिओमीटर: कुठे कामाचा, कुठे फसवा

टेन्शिओमीटर म्हणजे माती पाणी किती जोराने धरून आहे ते दाखवणारे उपकरण. ठिबकवरच्या, हलक्या ते मध्यम जमिनीतल्या मोसंबीला त्याचा जोड, म्हणजे दोन खोलींवरच्या दोन नळ्या, जरूर घ्यावा. खोल काळ्या जमिनीत तो पाणी चालू असते तेवढ्याच काळापुरता कामाचा. तिथे बहारासाठी बाग ताणावर सोडली, म्हणजे फुलांसाठी पाणी तोडले, की त्याच्या काट्याला काही अर्थ उरत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारे असेल तर एकट्या काट्यावर बाग सोपवू नये. खरेदीचा निर्णय एवढ्यावर होईल. पण हे उपकरण बिघडते कसे आणि झाडाची कोणती अडचण त्याला दिसतच नाही, हे माहीत नसले की दुसऱ्या उन्हाळ्यात ते गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेले सापडते.

मराठवाड्यातल्या मोसंबीला पाण्याचा हिशेब नवा नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात उभ्या बागा वाळल्या, अनेकांनी त्या तोडून टाकल्या. आता पाऊस बरा झालेल्या वर्षीही एप्रिल-मे पूर्वीपेक्षा जड जातात, कारण नुसते पाणी कमी पडत नाही, हवाही जास्त ओढते. म्हणून या परीक्षणात उपकरणाइतकाच झाडाचाही विचार केला आहे.

वस्तू साधी आहे. एक पारदर्शक नळी, तिच्या खालच्या टोकाला भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कप, वरच्या बाजूला निर्वात दाब दाखवणारा घड्याळी काटा आणि माथ्यावर रबरी वॉशरचे झाकण. नळी पाण्याने पूर्ण भरून कप मुळांच्या खोलीवर मातीत बसवायचा. माती कोरडी होऊ लागली की ती कपाच्या छिद्रांतून पाणी ओढते, नळीत पोकळी तयार होऊ पाहते आणि काटा चढतो. काट्यावर ० ते १०० सेंटीबार (ओढ मोजण्याचे एकक) असतात. ० म्हणजे माती पाण्याने तुडुंब, १० ते ३०च्या दरम्यान वाफसा, म्हणजे मुळांना ओल आणि हवा दोन्ही पुरेशी, त्यापुढे मुळांना कष्ट वाढत जातात. बॅटरी नाही, वायर नाही, मोबाईल ॲप नाही; हा या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण.

झाडाच्या आतही हेच चालते. पानातून पाणी उडते, त्या ओढीने काष्ठवाहिन्यांतला पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो आणि ती ओढ मुळांमार्फत मातीपर्यंत पोहोचते. फरक सोसण्याचा आहे. नळीतला स्तंभ ८० सेंटीबारच्या आसपास तुटतो आणि हवेचे बुडबुडे तयार होतात. झाडाच्या वाहिन्या इतक्या बारीक आणि बुडबुडेविरहित असतात की मातीची ओढ १५०० सेंटीबारला, म्हणजे सर्वसाधारणपणे कायमच्या कोमेजण्याच्या बिंदूला, पोहोचेपर्यंत बहुतेक पिके थोडेफार पाणी काढत राहतात. त्यापलीकडे झाडातही वाहिनीत हवा शिरते, ती वाहिनी बंद पडते आणि तिच्यावर जगणारी फांदी शेंड्याकडून वाळू लागते. म्हणजे उपकरण थांबते ८०ला. झाडाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. हलक्या जमिनीत याने फारसे बिघडत नाही, कारण तिथले उपयोगी पाणी बहुतेक ८०च्या आतच संपते. भारी काळ्या जमिनीत मात्र ८०नंतरही बरेच पाणी शिल्लक असते आणि ते या काट्याला दिसत नाही.

जालन्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५०० मीटर. दर ३०० मीटरला निर्वात काट्याची वरची मर्यादा साधारण ३.५ सेंटीबारने घटते. त्यामुळे आपल्याकडे ७५च्या पुढचा आकडा विश्वासाचा धरू नये, माहितीपत्रकात काहीही छापलेले असो.

जमिनीत घालण्याआधी

बहुतेक तक्रारी बसवण्यातल्या असतात. कप किमान रात्रभर, शक्यतो २४ तास, स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. नळीत भरायचे पाणी उकळून, झाकून थंड केलेले हवे. नळाच्या किंवा विहिरीच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ओढ वाढली की तीच हवा बुडबुड्याच्या रूपाने वर येते आणि काटा सुस्त पडतो. भरताना नळी तिरकी धरा, टिचक्या मारून बुडबुडे वर काढा. सोबत छोटा हातपंप मिळत असेल तर पैसे वाचवू नका. झाकणाच्या जागी तो लावून ओढला की काट्याच्या मागच्या पोकळीत अडकलेली हवाही निघते.

मग परीक्षा. कप बादलीत असताना काटा जवळपास शून्यावर हवा. बाहेर काढून पंख्यासमोर किंवा वाऱ्याला धरला की तो हळूहळू ६०-७०पर्यंत चढला पाहिजे. पुन्हा पाण्यात घातला की काही मिनिटांत १०च्या खाली यायला हवा. चढत नसेल तर वॉशर किंवा जोड गळतो आहे; चढतो पण उतरत नसेल तर कप चोंदला आहे. ही परीक्षा दुकानातच करून मागा. जो दुकानदार यासाठी बादलीभर पाणी देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

शेतात नेताना कपाला ओले फडके आणि वर प्लास्टिक गुंडाळा. कप हाताने चोळू नका, तेलकट बोटांनी छिद्रे बुजतात.

बसवण्याची जागा आणि पद्धत

जागा निवडताना बांधाकडचे झाड घेऊ नका, रोगट घेऊ नका, सगळ्यात जोमदारही नको. बागेत सरासरी दिसते ते झाड घ्या. कप ठिबकच्या थेंबाखाली थेट बसवला तर काटा कायम ओला दाखवतो, आणि ओलाव्याच्या वर्तुळाबाहेर बसवला तर कायम कोरडा. ड्रिपरपासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर, झाडाच्या सावलीच्या घेराच्या आत, ओल पोहोचते पण साचत नाही अशी जागा बरोबर. एका ठिकाणी दोन नळ्या लागतात, एक ३० सेंटीमीटर खोल आणि दुसरी ६०. एकच घेणे म्हणजे अर्धी माहिती घेणे. मोसंबीची खाणारी मुळे बहुतेक वरच्या ३० ते ४५ सेंटीमीटरच्या थरात असतात, म्हणून वरची नळी पाणी कधी द्यायचे ते सांगते आणि खालची किती वेळ द्यायचे ते.

नळीच्याच जाडीच्या लोखंडी पाइपाने किंवा गिरमिटाने भोक पाडा. पहारीने पाडलेले मोठे भोक नको. भोकातून निघालेलीच माती चाळून पाण्यात खिरीसारखी कालवा, ती तळाशी ओता आणि नळी एका दमात, न फिरवता, खाली दाबा. कप आणि माती यांच्यात बोटभर जरी पोकळी राहिली तरी काटा खोटे बोलतो. वर नळीभोवती माती घट्ट करून लहानसा उंचवटा करा, म्हणजे पावसाचे किंवा ठिबकचे पाणी नळीच्या कडेने थेट कपापर्यंत उतरणार नाही. शेजारी रंगवलेली काठी रोवा. निंदणीच्या विळ्यापेक्षा रोटाव्हेटरने या नळ्यांचा जास्त बळी घेतला आहे.

पाणी चालू असलेल्या जमिनीत दोन-तीन दिवसांत वाचन स्थिर होते. रोज एकाच वेळी वाचा, सकाळी ६ ते ८च्या दरम्यान. रात्रभरात झाड आणि माती यांचा समतोल होतो. दुपारी उन्हाने तापलेल्या नळीतला आकडा काढून काही साधत नाही. आणखी एक वजाबाकी लक्षात ठेवावी. नळीतल्या पाण्याच्या स्तंभाचे स्वतःचे वजनही काट्यावर येते, दर १० सेंटीमीटरला सुमारे १ सेंटीबार. काट्यापासून कप ७५ सेंटीमीटर खाली असेल तर आकड्यातून ७ वजा करायचे.

आकडे कसे वाचायचे

३० सेंटीमीटरच्या नळीवर हलक्या, मुरमाड जमिनीत २० ते ३० दिसले की ठिबक सुरू करावे, मध्यम जमिनीत ३० ते ५०, भारी जमिनीत ५० ते ६०. फुले लागण्यापासून फळे गोटीएवढी होईपर्यंत प्रत्येक ठिकाणी खालचा आकडा धरा, कारण याच काळात फळाच्या पेशींची संख्या ठरते आणि तिथे झालेली कमी पुढे कितीही पाणी देऊन भरून येत नाही.

वरची नळी ४५ आणि खालची ८ असे रोज दिसत असेल तर पाण्याची पाळी फार लांब चालते आहे आणि पाणी मुळांच्या खाली जाते आहे. खालची कायम १०च्या आत राहणे ही वाईट खूण आहे. अशा जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येण्याचा धोका वाढतो. उलट, वरची १५ आणि खालची ६० असेल तर पाणी वरवरच भिजवते आहे. पाळ्यांची संख्या कमी करून प्रत्येक पाळी लांबवा. दोन्ही आकडे सोबत चढत असतील तर बाग खरोखर तहानलेली आहे.

गरज किती, याचा अंदाज बांधण्यासाठी एक हिशेब. मेमध्ये बाष्पीभवन पात्रातून दिवसाला १२ मिलिमीटर पाणी उडते असे धरू. पात्राचा गुणांक ०.७, पिकाचा ०.७, आणि झाडाचा घेर ४ मीटर व्यासाचा म्हणजे सुमारे १२.६ चौरस मीटर. गुणाकार ७४ लिटर येतो, एका झाडाला एका दिवसाचे. ६ बाय ६ मीटरवर एकरी १११ झाडे, म्हणजे एकराला रोज ८,२०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर सव्वा दिवसात संपतो. टँकरवर बाग जगवणाऱ्याला या काट्याची किंमत सगळ्यात आधी वसूल होते, कारण वाया गेलेला प्रत्येक लिटर त्याने मोजून विकत घेतलेला असतो.

कोरड्या जमिनीत शून्य

या उपकरणाचा सगळ्यात धोकादायक दोष हाच. माती फार कोरडी झाली की स्तंभ तुटतो, हवा शिरते, नळीतले पाणी कपातून मातीत निघून जाते आणि काटा हळूहळू शून्यावर परत येतो. पाणी बघणाऱ्या गड्याला शून्य दिसते, तो वहीत ‘भरपूर ओल’ लिहितो आणि व्हॉल्व्ह बंद ठेवतो. म्हणून काटा वाचण्याआधी नळीतली पाण्याची पातळी पाहायची सवय लावा. पाणी खाली गेलेले असेल तर तो आकडा लिहायचाच नाही. नळी भरा, हवा काढा, जमीन भिजवा आणि मग वाचा. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा नळी भरावी लागतेच. पाण्यात दोन थेंब खाण्याचा रंग टाकला तर पातळी लांबूनही दिसते.

काळ्या जमिनीत आणखी एक भानगड आहे. सुकताना ती आकसते, भेगा पडतात आणि कपाभोवतीची माती कपाला सोडून देते. मग काटा ६०वरून अचानक २०वर येतो, पाणी न देताच. अशा वेळी नळी दुरुस्त करत बसू नये, काढून पुन्हा खिरीसह बसवावी. ज्या शेतात मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिथे टेन्शिओमीटरऐवजी दाणेदार माध्यमाचा विद्युत सेन्सर घ्यावा. त्यात जिप्सम असते, दोन तारा बाहेर येतात आणि हातातल्या मीटरवर २०० सेंटीबारपर्यंत आकडा मिळतो. कमी ओढीला तो टेन्शिओमीटरइतका अचूक नसतो आणि जमिनीच्या तापमानाची दुरुस्ती करावी लागते, पण त्यात पाणी भरावे लागत नाही आणि स्तंभ तुटण्याचा प्रश्नच नाही.

ऑनलाइन मिळणारे, मातीत खुपसायच्या दोन सळयांचे स्वस्त ओलावामापक मात्र घेऊ नयेत. ते मातीतून जाणारी वीज मोजतात. खत दिले की ओल वाढली असे दाखवतात आणि धातूचे टोक गंजले की कोरडे पडले असे. कोइम्बतूरच्या ऊस पैदास संस्थेने काढलेले रंगीत दिव्यांचे ओलावा निर्देशक यंत्र यापेक्षा पुष्कळ बरे आहे. निळा भरपूर, हिरवा पुरेसा, केशरी कमी, लाल अगदी कमी. पण ते उसासाठी बेतलेले आहे. फळबागेत ढोबळ कौल म्हणून चालेल, बहार धरायला नाही.

काट्याला न दिसणारे

पहिली गोष्ट मीठ. टेन्शिओमीटरचा कप क्षार आरपार जाऊ देतो, म्हणून क्षारांमुळे पडणारी ओढ त्याला जाणवत नाही. मुळांना ती पुरेपूर जाणवते. मातीतल्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, १ डेसीसायमन प्रति मीटरने वाढली की मुळांवर सुमारे ३६ सेंटीबारचा भार चढतो. वाहकता ४ असेल तर हा भार १४४. काटा ३० दाखवतो आणि झाड १७४ सोसत असते. उन्हाळ्यात बोअर खाली जातो तसे बऱ्याच ठिकाणी पाणी खारे होत जाते. त्यातच ठिबकमधून खत गेले की ओलाव्याच्या वर्तुळाच्या कडेला पांढरी पापडी धरते. मोसंबी मुळातच क्षारांना नाजूक. पानांची टोके करपत असतील आणि काटा मात्र निवांत असेल तर मार्चमध्ये आणि मेमध्ये पाण्याची वाहकता तपासून घ्या, आणि पाणी असेल तर एखादी पाळी लांबवून क्षार खाली ढकला. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावर असेल तर थोडा जास्त काळ तग धरते. दुष्काळ आणि क्षार दोन्हींत तो खुंट जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा काटक.

दुसरी गोष्ट हवा, आणि हवामानबदलाचा खरा फटका इथे बसतो. तापमान १ अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आर्द्रता २० टक्के असताना ३५ अंशांना हवेची बाष्पतूट, म्हणजे हवा आणखी किती बाष्प ओढू शकते ते, ४.५ किलोपास्कल असते. ४३ अंशांना तीच ६.९. माती तीच, ओल तीच, पण पानावरची ओढ दीडपट. मोसंबी अशा वेळी जुगार खेळत नाही. मातीत पाणी असतानाही ती पर्णरंध्रे बंद करते, पाने होडीसारखी वळवते आणि दुपार तशीच काढते. रंध्रे बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत येणे बंद. अन्न तयार होत नाही, पान थंड राहत नाही, झाड साठवलेल्या स्टार्चवर दिवस ढकलते. असे आठवडे साठत गेले तर पुढच्या बहाराला फुले कमी लागतात आणि दोष खताला दिला जातो.

इथेच उपकरणाचा सर्वात मोठा फायदाही होतो. दुपारी ३ला पाने वळलेली पाहून बागायतदार व्हॉल्व्ह उघडतो. सकाळचा काटा १५ असेल तर तो उघडायचा नाही. संध्याकाळी पाने सरळ झाली तर झाडाने हवेपासून स्वतःला वाचवले एवढेच. त्यात आणखी पाणी ओतले तर मुळे गुदमरतात आणि दुसऱ्या दिवशी पाने जास्तच वळतात. पहाटेही पाने वळलेली दिसली तर मात्र मातीच कमी पडते आहे. काटा आणि पहाटेचे पान यांची साक्ष जुळली की चूक सहसा होत नाही.

तिसरा साक्षीदार फळ. दिवसा पाने फळातून पाणी ओढून घेतात आणि रात्री ते परत भरते. खूण केलेली १० फळे दर चार दिवसांनी पहाटे व्हर्निअर कॅलिपरने मोजा. वाढ मंदावणे ही पानगळीच्या कितीतरी आधीची सूचना असते, आणि कॅलिपर टेन्शिओमीटरपेक्षा स्वस्त असतो.

बहाराच्या ताणात

आंबिया बहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी तोडून जानेवारीत पुन्हा सुरू करतात, मृगासाठी एप्रिल-मेमध्ये तोडतात. हलक्या जमिनीला महिनाभराचा ताण पुरतो, भारी जमिनीला दोन महिन्यांपर्यंत लागतात. हलक्या जमिनीत टेन्शिओमीटर इथे सुरुवातीचा भाग नेमका दाखवतो: ३० सेंटीमीटरची नळी किती दिवसांत ७०ला गेली त्यावरून जमीन किती धरते ते कळते. त्यानंतर झाडच वाचायचे. पाने फिकी पडून पाव हिश्श्याच्या आसपास गळली की ताण पुरे. ६०ची नळी तोपर्यंत २०लाच अडकली असेल तर खाली ओल शिल्लक आहे. झाड वरून ताणलेले दिसले तरी फुले विरळ येतील. अवकाळी पावसाने भिजलेल्या डिसेंबरात हे वारंवार घडते, आणि नुसती पाने पाहून ते ओळखता येत नाही.

ताण तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पानांची मोठी गळ होते तेव्हा पाणी उगाच दिले असे वाटते. तसे नसते. कोरड्या काळात मुळांमध्ये इथिलीनचा (पाने गळवणाऱ्या वायूचा) पूर्वघटक साठतो. पाणी मिळताच तो वर वाहून जातो, पानांत त्याचे इथिलीन होते आणि देठ सुटतात. गळण्यालाही पाणी लागते. म्हणून पहिले पाणी एकदम पूर्ण देऊ नये. पहिल्या पाळीत अंदाजे तिसरा हिस्सा, मग निम्मे, मग पूर्ण, आणि काटा २०च्या आसपास स्थिरावला की नेहमीचा क्रम. ताण ठरवून दिलेला नसेल, दुष्काळाने लादलेला असेल, तरीही क्रम हाच. उघडे पडलेले खोड उन्हाने भाजते. त्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट लावा.

निम्म्या पाण्यात बाग काढायची असेल तर

या उपकरणाचा सगळ्यात हुशार वापर हाच. झाडाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या लॅटरल (ठिबकच्या नळ्या) आणि प्रत्येकीला वेगळा कॉक हवा. एका वेळी एकच बाजू भिजवायची. कोरड्या बाजूची मुळे ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तयार करून वर पाठवतात आणि रंध्रे अर्धवट मिटतात. ओल्या बाजूकडून पाणी मिळत राहते, त्यामुळे झाड कोमेजत नाही. दोन्ही बाजूंना ३० सेंटीमीटरची एकेक नळी बसवा. कोरड्या बाजूचा काटा रोज चढतो आहे तोवर तिथली मुळे पाणी ओढत आहेत. तो चढायचा थांबला, किंवा ७०ला पोहोचला, की बाजू बदला. कॅलेंडर पाहून दर पंधरवड्याला बदलण्यापेक्षा हे बरे, कारण हलक्या जमिनीत पंधरा दिवस फार होतात. फुलांच्या आणि फळधारणेच्या काळात हा प्रयोग करू नये. फळांचा आकार थोडा मार खाईल हे गृहीत धरा, आणि पाणी निम्म्याहूनही कमी असेल तर फळे तोडून झाड वाचवा, पाणसोट (सरळ वाढणारे जोमदार, फळ न देणारे फुटवे) काढून टाका.

दुकानात टेन्शिओमीटरच्या शेजारीच दुष्काळावरच्या इतर वस्तू मांडलेल्या असतात. हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारे दाणे, उभ्या बागेला घेऊ नये. पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात वजनाच्या ३५० पट पाणी धरते आणि शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलो आहे. एकरी २ किलो टाकले तरी एका वेळी जास्तीत जास्त ७०० लिटर झाले, आणि वरचा हिशेब एका दिवसाला ८,२०० लिटर सांगतो. ते पुन्हापुन्हा भरते हे खरे, पण क्षारयुक्त पाण्यात फुगणेच बरेच कमी होते, आणि मुळांच्या थरात ते मिसळायला मुळेच तोडावी लागतात. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीच्या खड्ड्यात त्याला जागा आहे. केओलिन या पांढऱ्या मातीच्या भुकटीची फवारणी मात्र मेपुरती ठीक आहे. १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅमपर्यंत, स्टिकरसह, सतत ढवळत, जाड नोझलने. पानावर पांढरा थर बसतो आणि पान थोडे थंड राहते. वळवाचा एक पाऊस सगळे धुऊन टाकतो, म्हणून मृगाच्या तोंडावर पैसे घालू नका. सर्वांत भरवशाचे आच्छादनच: सोयाबीनचे काड किंवा उसाचे पाचट १० ते १५ सेंटीमीटर जाड, खोडापासून वीतभर लांब, वाळवीवर लक्ष ठेवून. आच्छादन केलेल्या आणि उघड्या आळ्यांतल्या नळ्या शेजारी शेजारी आठवडाभर वाचल्या तर वेगळा पुरावा लागत नाही.

घेताना पाहायचे ते एवढेच: एका व्हॉल्व्हवरच्या, एकसारख्या जमिनीच्या बागेला ३० आणि ६०चा एक जोड पुरतो, बागेत चोपण (चिकट, निचरा न होणारी जमीन) आणि मुरूम दोन्ही असतील तर दोन जोड. कप सुटा बदलता येतो का ते विचारा, कारण दोन-तीन हंगामांत तो चुन्याने चोंदतो. बारीक पॉलिश पेपरने घासून थोडा निभावतो, मग बदलावा लागतो. नळी उन्हात पिवळी पडते, त्याने वाचन बिघडत नाही. वॉशर मात्र दर उन्हाळ्यात तडकतो, म्हणून खरेदीच्या वेळीच चार-पाच जादा वॉशर घ्यावेत. तालुक्याच्या दुकानात नंतर त्या मापाचा मिळेलच असे नाही.